टायरच्या दुकानाच्या वर

...आणि वर म्हणतात काय, "तुम्ही फक्त निवडा वहिनी, बाकी सगळं आम्ही बघतो!" फक्त निवडा! अहो, बाकी सगळं मी बघते, निवडायचं तेवढं तुम्ही बघा की! कलिंगड घ्यायचं तर माणूस टिचकी मारून बघतो, चप्पल घ्यायची तर दुकानभर चालून बघतो... आणि नवऱ्याची वाचा गेली, ती परत आणायला कुठल्या दारात जायचं, हे कुठे टिचकी मारून बघायचं? निवडायचं कसं, तुम्हीच सांगा!

थांबा, असं मधूनच तुम्हाला कळायचं नाही. आमचे हे भाजी-फळांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. म्हणजे माल कुणाचा का असेना, ढिगाशेजारच्या लाकडी खोक्यावर चढून उभं राहायचं ते ह्यांनी, आणि एकदा तोंड उघडलं की पलीकडच्या रस्त्यावरची झोपलेली कुत्री उठून बसायची! व्यापाऱ्यानं नुसती भुवई हलवावी, की ह्यांच्या तोंडून त्याची बोली बाहेर! एका श्वासात पाच जणांचे भाव, दोघांची चेष्टा, एखाद्याच्या लेकीच्या परीक्षेची चौकशी, मालाचं कौतुक... आणि शेवटी हात वर करून "एक वार... दोन वार... तीन वार!" की टाच आपटली खोक्यावर, सौदा झाला! त्या टाचेनंतर कुणाची हूं की चूं नाही. आणि घरी काय वेगळा आवाज होता म्हणता? ह्यांनी पाणी मागितलं की शेजारच्या घरातून तांब्या यायचा!

तर एके दिवशी टोमॅटोचा ढीग होता. "एक वार" झालं. "दोन वार" झालं. हात वर. आणि तिसरा वार येईचना! आता व्यापाऱ्यांना काय वाटावं? त्यांना वाटलं, गडी ताणतोय. एकानं बोली वाढवली. हे गप्प. दुसऱ्यानं वाढवली. हे गप्प. तिसरा तर चिडून ओरडला, "घ्या, अजून वाढवतो, पण आता पुरे करा!" अहो, त्या दिवशी टोमॅटोला जो भाव आला तो म्हणे बाजार वसल्यापासून कधी आला नव्हता! मग एका हमालाच्या लक्षात आलं, की वर केलेला हात खाली खाली येतोय, आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलंय. त्यानं पोतं उचलावं तसं ह्यांना खांद्यावर उचललं आणि तडक दवाखाना गाठला. म्हणून तर आज मी हे हसत सांगतेय. नाहीतर...

जाऊ दे ते. जीव वाचला. मेंदूत गुठळी होती, ती विरघळली. उजवा हात, उजवा पाय हळूहळू ऐकायला लागले. पण बोलणं गेलं. समजत सगळं होतं हो! डोळ्यांत दिसायचं की आत वाक्य तयार आहे, आणि दार कुणी बाहेरून लावून घेतलंय. मग एक दिवस मोठे डॉक्टर आले, खाटेशी वाकले, "काय, कसं वाटतंय?" मी, माझा लेक, वन्सं, नर्स, सगळे श्वास धरून उभे. ह्यांनी कपाळाच्या शिरा ताठ करून, सगळा जोर लावून, काय म्हणावं?

"फालतू!"

बस! तेवढा एकच शब्द मागे राहिला. पाणी हवं, फालतू. पाणी नको, फालतू. लेक दिसला, फालतू. मी दिसले, तरी फालतूच! डॉक्टर म्हणाले, "असं होतं, तोंडात रुळलेला एखादा शब्द तेवढा शाबूत राहतो." रुळलेला होताच. बाजारात कुणी पडेल बोली लावली की हे हात झटकून म्हणायचे, "फालतू! पुढे चला!" पण मी म्हणते, इतकी वर्षं संसार केला, दिवसातून पन्नास वेळा मला हाक मारली, ती नाही हो रुळली? राहिला कोण, तर फालतू!

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "बोलण्याचे उपचार लगेच सुरू करा. पहिले काही महिने फार मोलाचे असतात. स्पीच थेरपीची बरीच केंद्रं आहेत शहरात, तुम्हाला सोयीचं वाटेल ते निवडा." आणि गेले पुढच्या खाटेकडे! महिने मोलाचे म्हणजे चूक करायलाही सवड नाही. आणि चूक ओळखायची कशी, तेही ठाऊक नाही. निवडायचं कसं, तुम्हीच सांगा!

आता सल्ला देणाऱ्यांची काय कमी? आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, त्या तर पायातल्या चपला न काढताच सुरू झाल्या. "हे बघ, ते काचेच्या इमारतीतलं आहे ना, तिथेच न्यायचं. आमच्या ओळखीतले सगळे तिथेच जातात." म्हटलं, तिथे उपचार कसे आहेत? तर म्हणतात, "अगं, स्वागतकक्षात भिंतभर माशांची टाकी आहे! आणि खुर्च्या काय मऊ!" आता मला सांगा, बोलायचं ह्यांनी, आणि मासे कशाला हवेत? मासे तर जन्मात बोलले नाहीत कधी! माझा लेक मोबाइलमध्ये डोकं घालून, "आई, बरोबर आहे आत्याचं, त्यांचं रेटिंग जवळजवळ पाच आहे." म्हटलं, कुणी दिलं? "लोकांनी." कुठल्या लोकांनी? "अगं, लोकांनी म्हणजे... लोकांनी!" बरं, ज्यांना बोलता येत नाही अशांनी लिहिलंय का? की त्यांच्याबरोबर आलेल्यांनी मऊ खुर्चीत बसून लिहिलंय? यावर तो म्हणाला, "आई, तू ना!" मुलांपाशी उत्तर नसलं की "आई, तू ना!"

शेजारी एक टॉवेलकाका आहेत. बारा महिने खांद्याला टॉवेल, म्हणून टॉवेलकाका. त्यांचं वेगळंच. "वहिनी, लांब कशाला जाता? कोपऱ्यावरचं धरा! दोन मिनिटांत जाल, दोन मिनिटांत याल." अहो काका, मी दूध आणायला निघालेय का?

आणि या सगळ्या गडबडीत हे खिडकीशी खुर्चीत बसून. एकदा वन्संकडे बघतायत, एकदा लेकाकडे, एकदा टॉवेलकाकांकडे. ह्यांना कुणी काही विचारलं का? अहो, मीसुद्धा नाही! चहा हवा का तेवढं विचारलं, तर म्हणाले, "फालतू!" मला वाटलं नको असेल. नंतर बघते तर माझ्याच कपातला पिऊन मोकळे!

तर आधी गेलो काचेच्या इमारतीत. वन्सं नटूनथटून पुढे, जणू त्यांचीच इमारत. मासे होते. खुर्च्या मऊ होत्या, इतक्या मऊ की ह्यांना एकदा बसवल्यावर उठवायला दोन माणसं बोलवावी लागली. कॉफीचं यंत्र होतं. सगळीकडे अत्तराचा वास आणि अशी शांतता, की शिंक आली तर माणसानं बाहेर जावं. तिथल्या पोरीनं हसून मला विचारलं, "पेशंटचं वय काय? पेशंटला राग येतो का? पेशंट रात्री झोपतात का?" पेशंट माझ्या शेजारी बसलेत! त्यांच्या डोक्यावरून नुसतं टेबलटेनिस चाललंय, प्रश्न इकडून तिकडे, उत्तर तिकडून इकडे! मग एका थंडगार खोलीत मोठ्या पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर सफरचंद आलं, आणि आतून एक बाई गोड गळ्यानं म्हणाली, "सफरचंद. म्हणा, सफरचंद."

अहो, कुणाला सांगताय? ज्या माणसानं सफरचंदांचे ट्रकच्या ट्रक पुकारून विकले, त्याला? ह्यांनी त्या पडद्यावरच्या सफरचंदाकडे नीट बघितलं. डावीकडून बघितलं, मान वाकडी करून उजवीकडून बघितलं, आणि मालाची प्रत ठरवून टाकली. "फालतू!"

वन्सं कानात म्हणतात, "अय्या, केवढ्यानं ओरडला! लोक बघतायत!" तिथले साहेब म्हणाले, "काही हरकत नाही, आमच्याकडे शंभर टक्के गुण येतो." शंभर टक्के! ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्यात तीस वर्षांपासून एक गोष्ट ठरलेली आहे, जो विक्रेता माल न उघडता शंभर टक्क्यांची हमी देतो, त्याचं पोतं आधी उलटं करून बघायचं.

दुसरं, कोपऱ्यावरचं. दोन मिनिटं म्हणाले होते, ह्यांच्या पायानं पुष्कळच लागली, पण पोचलो. त्या एकाच खोलीत दातही बघतात, साखरही तपासतात, गुडघ्याला शेकही देतात, आणि पडद्यामागे बोलायला शिकवतात. शेजारच्या बाकावर कुणाचा तरी दात काढतायत, तो ओरडतोय, आणि इकडे एक तरुण ह्यांच्या गालाला हात लावून म्हणतोय, "आजोबा, बोला बघू... आऽऽ! शहाणं बाळ! आता म्हणा, आऽऽई!"

शहाणं बाळ! अहो, हा माणूस खोक्यावर उभा राहिला की दोनशे व्यापारी माना वर करून बघायचे! ह्यांनी यावेळी ओरडून नाही म्हटलं. अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणाले, "फालतू..." आणि नजर खाली घातली. तुम्हाला सांगते, काचेच्या इमारतीतला तो ओरडा मला चालला असता. हा हळू फालतू मला नाही सहन झाला. मी उठले, ह्यांचा हात धरला आणि म्हटलं, चला.

घरी नाही गेलो. रस्त्याच्या कडेला बसथांब्याचा बाक होता, त्यावर बसलो दोघं. बस येत होत्या, जात होत्या. मला रडू फुटायच्या बेतात होतं, पण ह्यांच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलेलं, म्हणून मी चिडले. रडण्यापेक्षा चिडणं मला चांगलं जमतं. म्हटलं, "हे बघा, मी थकले. तुमची वाचा, तुम्ही निवडा. मी नुसती दारं दाखवते. पसंत पडलं तर सांगा." हे म्हणाले, "फालतू." मी म्हटलं, "फालतू तर फालतू, पण कसलं फालतू ते नीट सांगा." आणि काय सांगू तुम्हाला... ते हसले नाहीत, पण डोळे हसले. पुन्हा म्हणाले, "फालतू." यावेळी जरा लांबवून, शेवटी सूर वर नेऊन. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! अहो, हा वेगळा आहे! काचेच्या इमारतीतला वेगळा होता, पडद्यामागचा वेगळा होता. ह्या माणसाचा धंदाच सुरांचा! तोच भाव एका सुरात म्हटला की आमंत्रण, दुसऱ्या सुरात म्हटला की टोमणा. शब्द गेले असतील, सूर कुठे गेले होते? मीच मेली नुसता शब्द ऐकत बसले होते!

तिसऱ्याचा पत्ता त्या हमालानं दिला, ज्यानं ह्यांना खांद्यावर आणलं होतं. त्याचा मामा तिथे जायचा. जागा कुठे? टायरच्या दुकानाच्या वर! वन्सं पायरीशीच थांबल्या, नाकाला रुमाल लावून. "मी नाही चढणार. रबराचा वास येतो." लेक म्हणाला, "आई, या जागेला एकंदर तीनच रिव्ह्यू आहेत, आणि त्यातल्या एकात लिहिलंय, पंक्चर छान काढतात!" म्हटलं, असू दे, आपलंही पंक्चरच आहे. पण जिन्याला बघितलंत का, दोन्ही बाजूंनी कठडा होता. काचेच्या इमारतीत एकाच बाजूला होता, नेमका ह्यांच्या लुळ्या हाताच्या. इथे हे डाव्या हातानं धरून, एकेक पायरी, पण स्वतः चढले.

वर प्लास्टिकच्या खुर्च्या. खालून धाड धाड हातोडा. आणि आत गोंधळ! एक आजी कुणाशी तरी एकाच अक्षरावर भांडतायत, दोघं काहीतरी म्हणायला जाऊन भलतंच म्हणतायत आणि आपलेच हसतायत. तिथली बाई आली, जाडजूड, चष्मा डोक्यावर सरकवलेला. तिनं खुर्ची ओढली, ह्यांच्या समोर ठेवली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली, आणि ह्यांना विचारलं. ह्यांना! "नमस्कार. तुम्ही काय काम करायचात?"

मी आपली सवयीनं तोंड उघडलं, "अहो, हे बाजारात..." तर माझ्याकडे न बघता तिनं हात वर केला. "तुम्ही नाही." काय हो ही बाई! उभ्या आयुष्यात मला कुणी असं गप्प केलं नव्हतं. आणि ती थांबली. नुसती थांबली हो! घड्याळाकडे बघणं नाही, मान हलवणं नाही, "सांगा, सांगा" म्हणून ढोसणं नाही. खाली दोन टायर बसवून झाले असतील, ही आपली थांबलेलीच. मग हे म्हणाले, "फालतू."

ती म्हणते, "अरे वा! मोठं काम दिसतंय. एवढ्या ऐटीत सांगितलंत!"

ऐकलंत? तिनं सूर ऐकला! पहिल्या फटक्यात! मला बसथांब्यावर बसावं लागलं होतं.

मग ह्यांनी डावा हात उंच केला. ती म्हणाली, "मास्तर?" ह्यांनी मान झटकली, "फालतू!" "बँडवाले?" "फालतू!!" "न्यायाधीश?" आणि हे हसले. पोटातून हसले, दवाखान्यापासून पहिल्यांदा. मग टेबलावर हात आपटून दाखवला, आणि ती ओरडली, "लिलाव! लिलाव पुकारता तुम्ही! मग माझा हा डबा विका बघू. जुना आहे, झाकण नीट लागत नाही, पण चांगला माल आहे म्हणा!" तिनं आपला जेवणाचा डबा टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना हाक मारली. "या रे, डबा विकायला काढलाय!" भांडणाऱ्या आजी आल्या, हसणारे आले. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं, त्यालाही बोलता येत नव्हतं, नुसतं बोट वर केलं. दुसऱ्यानं भुवई हलवली. आजींनी हात वर केला. आणि हे उभे राहिले. हातात काठी नाही, कुणाचा आधार नाही. डावा हात वर गेला, मान ताठ झाली, छाती भरली...

"एक... वार!"

खालचा हातोडा थांबला, की मलाच ऐकू येईना झालं, देव जाणे.

"दोन... वार!"

ह्यांचे डोळे भरले होते. माझे काय विचारता. ओठ हलतायत, हनुवटी थरथरतेय, त्या दिवशीसारखा हात वर. माझ्या मनात आलं, आता परत तेच होणार. मी पुढे व्हायला गेले, तर त्या बाईनं पुन्हा तसाच हात वर केला. थांबायचं! थांबलो सगळे. डबासुद्धा थांबला असेल.

"तीन वार!" आणि डावी टाच दाणकन जमिनीवर! "फालतू!!"

डबा आजींना गेला. त्या परत द्यायला तयार नव्हत्या!

मी त्या बाईला म्हटलं, आलं ना बोलणं? तर ती काय म्हणाली ऐका. "नाही. तोंडपाठ असलेलं मेंदूत वेगळ्या कप्प्यात राहतं, ते आधी बाहेर आलं. दार किलकिलं झालंय एवढंच. पुढे किती उघडेल ते मला सांगता येणार नाही. मेहनत फार आहे." हमी नाही! शंभर टक्के नाही! पोतं तिनं आपणच उलटं करून दाखवलं. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे.

घरी आलो, तर वन्सं दार अडवून उभ्या. "टायरच्या दुकानावर? कुणी विचारलं तर सांगायचं काय, भाऊ पंक्चर काढायला गेलाय?" टॉवेलकाका, "फार लांब हो, वहिनी." लेक बिचारा रडवेला झालेला. "आई, चूक झाली तर हे महिने परत येणार नाहीत, आपण नीट विचार करू ना." त्याचं चुकत नव्हतं. पण मग सगळे एकदम बोलायला लागले, आवाज चढले, मीही चढवला, आपण कशाला मागे राहायचं? तेवढ्यात टेबलावर थाप पडली.

हे उभे. डावा हात वर. वन्संकडे बघितलं. "एक वार."

वन्सं खुर्चीत टेकल्या.

टॉवेलकाकांकडे बघितलं. "दोन वार." काकांनी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला.

मग लेकाकडे वळले. त्याच्याकडे बघताना नजर मऊ झाली, पण हात खाली नाही आला. पूर्वी व्यापाऱ्यांना द्यायचे तेवढा वेळ त्याला दिला, काही म्हणायचं असेल तर म्हण म्हणून. लेकानं मान हलवली. हळूच म्हणाला, "माझी बोली नाही, बाबा."

"तीन वार!" टाच आपटली. सौदा झाला! अहो, आम्ही मोबाइल बघितले, मासे बघितले, अंतरं मोजली, आणि ज्याला निवडायचं होतं त्यानं तीन वारांत निवडलं. फुगायचं नाही म्हटलं तरी मी फुगले. असा नवरा आहे माझा!

पुढचं सोपं होतं असं समजू नका. एक अख्खा महिना असा गेला की नवा शब्द म्हणून नाही. हे जिन्याच्या तळाशी अडून बसायचे, मी तिथेच पायरीवर, आणि टायरवाला आम्हाला चहा पाजायचा. वन्सं फोनवर, "अजून वेळ गेली नाही, काचेच्या इमारतीत ये." मलाही वाटलं, चुकलं की काय? पण वरून त्या आजी खाली यायच्या, ह्यांच्यापुढे हात वर करायच्या, आणि डब्याचं झाकण वाजवायच्या. की हे उठले! मग "पाणी" आलं. मग "चल" आलं. मग लेकाचं नाव आलं, त्या दिवशी लेक कामावरून अर्ध्यातून पळत घरी आला आणि पुन्हापुन्हा म्हणवून घेत बसला.

आणि मग एका सकाळी हे कपडे करून तयार. म्हणाले, "बाजार." मी म्हटलं, बघायला? तर म्हणाले, "फालतू! काम!"

बाजारात ह्यांच्या जागी आता एक घोगऱ्या आवाजाचा माणूस पुकारतो, सगळे त्याला घोगराच म्हणतात. तो फ्लॉवरच्या ढिगाशी खोक्यावर उभा. ह्यांना बघितलं आणि त्याचं पुकारणं तोंडातच राहिलं. खाली उतरला. खोक्यावरची धूळ आपल्या बाहीनं पुसली आणि म्हणाला, "या दादा. हा ढीग तुमचा." ह्यांना वर चढायला त्यानं हात दिला, तो ह्यांनी घेतला. आणि हे पुकारायला लागले. हळू हो, फार हळू. भाव अडकायचा. एकदा उलटा म्हणाले, वरचा आधी आणि खालचा नंतर. पण तुम्हाला त्या बाजाराची घाई ठाऊक नाही! तिथे माणूस क्षणभर थांबला तर माल सुकतो, गाडी चुकते, तिथे कुणी सख्ख्या भावासाठी थांबत नाही. ते सगळे थांबले. दोनशे माणसं, माना वर करून. घोगऱ्यानं मदतीला तोंड उघडलं, तर मी लांबूनच हात वर केला. तुम्ही नाही!

"तीन वार!" आणि टाच!

माझ्या शेजारी एक व्यापारी होता, मला नवा वाटला. मी त्याला न विचारताच सांगितलं, "ते माझे मिस्टर." तो म्हणाला, "मला ठाऊक आहे हो, बाई. त्या दिवशीचे ते महाग टोमॅटो मीच घेतले होते, अजून घरचे बोलतात मला."

आता हे सकाळपासून बोलतात. त्या बाईनं बजावून ठेवलंय, घरातल्यांनी मध्ये तोडायचं नाही, शब्द सुचवायचा नाही, वाक्य संपेपर्यंत ऐकायचं. आणि वाक्यं तरी कशी? वांग्याच्या भावापासून निघतात, शाळेतल्या मित्रापर्यंत जातात, तिथे अडकतात, परत फिरतात... आणि मी हूं करत उभी! मला वाटायला लागलं, माझे कानच बिघडले. सारखं गुणगुण, गुणगुण. म्हटलं, कान तपासून घेऊ. झालं! वन्सं म्हणाल्या, काचेच्या इमारतीत कानाचंही सुरू झालंय, तिथे झाडं लावलीयत मोठमोठी. लेकानं मोबाइल काढला. टॉवेलकाका म्हणाले, कोपऱ्यावर कानही बघतात. निवडायचं कसं, तुम्हीच सांगा! ह्यांनी निवडलं, स्वतः घेऊन गेले, वाटेत सगळं वांग्याचं पुन्हा पहिल्यापासून ऐकवलं.

त्या डॉक्टरनं माझ्या कानात नळ्या घातल्या, शिट्ट्या वाजवल्या, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मी आपली आशेनं बसलेली, की काहीतरी निघेल, थोडं कमी ऐकू येतं म्हणेल, निदान एका कानानं तरी! तर तो हसून ह्यांना म्हणतो कसा, "आजींचे कान अगदी ठणठणीत आहेत हो! मरेपर्यंत काही होत नाही!"

आता काय करणार? ऐकते.